गोखरू आणि कंट्रोलर साहेब

"थांबा. तिकीट दाखवा."

कंट्रोलर साहेबांच्या फाटकातून आत शिरणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकावं लागे. तिकीट म्हणजे चपलेचा तळ. माणसानं फाटकाच्या खांबाला धरून उभं राहायचं, एक पाय मागे दुमडायचा आणि साहेब खाली वाकून चपलेचा तळ पाहणार. त्यात गोखरूचा काटा रुतलेला सापडला की तो चिमट्यानं उपटून खांबाला टांगलेल्या तुपाच्या रिकाम्या डब्यात टाकणार आणि म्हणणार, "एक विनातिकीट उतरवला. जा आता." पोस्टमन असो, दूधवाला असो की लग्नाची पत्रिका घेऊन आलेले पाहुणे असोत, नियम सगळ्यांना एकच. सायकल चाकांवर आत यायचीच नाही. ती खांद्यावर घ्या, नाही तर बाहेर ठेवा.

आर्वीला मुलींच्या शाळेत मी नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या घराची रस्त्याकडची खोली भाड्यानं घेतली होती. सोबत माझे वडील आले होते, सेलूहून एसटीनं, माझी ट्रंक डोक्यावर घेऊन. साहेबांनी आधी वडिलांच्या वहाणा तपासल्या, मग माझ्या चपला, आणि शेवटी ट्रंक आडवी करून तिचं बूडसुद्धा पाहिलं. वडील रागानं लाल झाले.

"साहेब, आमच्या सेलूतही गोखरू होते. पण असा पाहुणचार होत नाई."

"सेलूचा अठी नको भाऊ. अठीचाच आवरत नाई," असं म्हणत साहेबांनी ट्रंक स्वतः उचलली आणि माझ्या खोलीत नेऊन ठेवली. वर बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, चहा टाकायला सांगितला. परत जाताना वडील माझ्या कानाशी म्हणाले, "पोरी, माणूस अर्धा पागल दिसून राह्यला. पण घर साफ हाये."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

साहेब आर्वी डेपोत वाहतूक नियंत्रक होते. हयात खिडकीत बसून गाड्या सोडण्यात गेली आणि निवृत्त झाल्यावरही ती खिडकी काही त्यांच्या अंगातून उतरली नाही. घड्याळ पाहायचे नाहीत. "पुलगाव गेली का?" असं विचारायचे आणि त्यावर चहाची वेळ ठरायची. आंगणालाही त्यांनी मार्ग आणि थांबे वाटून दिले होते. तुळस म्हणजे आर्वी, विहीर म्हणजे पुलगाव, न्हाणी म्हणजे तळेगाव आणि घरामागची सांदवाडी, जिथं गाय बांधलेली असे, ती कारंजा. "आज तळेगावले गर्दी हाये" याचा अर्थ न्हाणीच्या बाजूला गोखरू उगवलाय. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. एका सकाळी ते मला म्हणाले, पुलगाव मार्ग बंद हाये, आणि मी आपलं शाळेत जाऊन ते सगळ्यांना सांगितलं. पुलगावहून येणाऱ्या आमच्या शिवणाच्या बाई दुपारीच घरी जायला निघाल्या होत्या, त्यांना कसंबसं थांबवलं.

गोखरू म्हणजे पुण्याकडे ज्याला सराटा म्हणतात तो. पाऊस पडला की जमिनीला अगदी चिकटून पसरतो. पानं नाजूक, चिंचेच्या पाल्याची आठवण करून देणारी, फूल पिवळं, इवलंसं. दिसायला गरीब. पण फूल गळून फळ धरलं आणि ते वाळलं की त्याच्या फाका सुट्या होतात, आणि फाक कशीही पडली तरी तिचं एक टोक वरच असतं. चपलेतून, टायरमधून, जनावरांच्या खुरांतून ती गावभर हिंडते. जमिनीत पडलेलं बी वर्षानुवर्षं मरत नाही. यंदा उपटलं म्हणून पुढच्या वर्षी निवांत बसता येत नाही. आर्वीत त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. काटा रुतला की लोक एका पायावर उभे राहून तो काढत, एक शिवी देत आणि पुढे जात.

साहेबांना तसं पुढे जाता येत नव्हतं, आणि त्याचं कारण काकूंचे पाय होते.

हे मला काकूंनीच सांगितलं, अगदी सहज, भाजी निवडता निवडता. त्यांना बरीच वर्षं साखरेचा आजार होता. एका थंडीत त्या चुलीपुढे भाकरी करत बसल्या होत्या आणि चुलीतला निखारा घरंगळून त्यांच्या पायाला लागला. काकू भाकरी थापतच राहिल्या. वास आला म्हणून साहेब धावत आले, तेव्हा त्यांना कळलं.

"मले पायात काहीच समजत नाई, बाई," काकू हसून म्हणाल्या. "गरम नाई, थंडं नाई, काटा नाई. साखरेनं पाय झोपवले माहे. पण चालतात, तं काय करा लागते समजून?"

डॉक्टरांनी मात्र साहेबांना बाजूला घेऊन बजावलं होतं, यांच्या पायाला जखम होऊ देऊ नका, झाली तर भरून येणं कठीण आणि चिघळली तर पाय कापावा लागेल. त्या दिवसापासून साहेबांनी गोखरूशी वैर धरलं. सबंध जगातला गोखरू संपावा असं त्यांचं म्हणणं नव्हतं. चुलीपासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून तुळशीपर्यंत आणि तिथून गाईपर्यंत काकू जिथं जिथं पाय ठेवत तेवढी जमीन त्यांना साफ हवी होती.

मग चपला का नाही, असं कुणीही विचारेल. मीही विचारलं. काकूंनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं चपलांचे जोड ओळीनं मांडलेले होते, कातडी, रबरी, पट्ट्याचे, बंदाचे. साहेबांनी एकामागून एक आणलेले. पहिली अडचण अशी की काकू रोज पहाटे सडा टाकायच्या आणि दर आठवड्याला आंगण शेणानं सारवायच्या. स्वतः सारवलेल्या जमिनीवर चपला घालून चालणं त्यांना पटायचंच नाही. पण साहेबांनी हात जोडले म्हणून त्यांनी तेही करून पाहिलं. तेव्हा खरी अडचण कळली. पायाला स्पर्शच कळत नसल्यानं चपला पायातून निसटल्या तरी त्यांना पत्ता लागायचा नाही. एक चप्पल तुळशीपाशी पडलेली, दुसरी विहिरीपाशी, आणि काकू गाईला पेंढी टाकत अनवाणी उभ्या. पट्टा घट्ट बांधला तर त्यानंच कातडी सोलून निघाली. साहेबांनी हात टेकले. "बाईले चप्पल पुरत नाई," ते मला म्हणाले, "तं मंग आपूनच जमीन तिच्या लायक करा लागते."

आणि ते जमीन तशी करायचे. रोज उजाडताच, काकू सडा टाकायला बाहेर येण्याच्या आधी, साहेब धोतर खोचून अनवाणी आंगणात उतरत आणि त्या सगळ्या वाटा पायानं चालून पाहत. डोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. काटा मातीच्या रंगाचा असतो, डोळ्याला फसवतो, पायाला फसवत नाही, असं ते म्हणत. पाय अगदी सावकाश, पूर्ण टेकवत जायचे. मधेच "ओय" असा आवाज आला की समजायचं, एक सापडला. मी खोलीत वह्या तपासत बसलेली असायची आणि बाहेरून अधूनमधून ते "ओय" ऐकू यायचं. शेवटी ते दाराशी येऊन दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडत, "आर्वी, पुलगाव, तळेगाव, कारंजा, सर्व मार्ग मोकळे!" तेव्हा काकू बादली घेऊन बाहेर पडत.

सारवायच्या दिवशी शेण आधी साहेबांच्या हातातून जायचं. ते मांडी घालून बसायचे आणि शेणाचा प्रत्येक गोळा बोटांनी दाबून पाहायचे, कारण काटा एकदा सारवणात थापला गेला की वाळल्यावर टोक वर करून पक्का बसतो. शेजारच्या बाया कुंपणावरून पाहत आणि तोंडाला पदर लावत. पुढे देशात आणीबाणी आली तेव्हा समोरचे दुकानदार म्हणाले होते, "आमाले काई नवीन नाई. साहेबाच्या आंगणात कवाचीच लागून हाये." हे साहेबांच्या कानावर गेलं. त्यांना राग आला नाही. उलट त्यांनी दुकानदारांच्या दारातलाही गोखरू उपटून दिला, त्यांना न विचारता.

तिकीट तपासणीतून कुणीच सुटत नसे, याचा मला स्वतःला अनुभव आहे. मला पाहायला हिंगणघाटकडून एक स्थळ आलं होतं. माझे वडील आदल्या दिवशीच आले होते आणि त्यांनी साहेबांना गयावया करून सांगितलं होतं, "उद्याच्या दिवस राहू द्या हो साहेब." साहेबांनी मान हलवली होती. पण पाहुण्यांची मंडळी फाटकाशी आली आणि साहेबांच्या तोंडून सवयीनं निघूनच गेलं, "थांबा. तिकीट दाखवा."

मुलाचे वडील जागच्या जागी ताठ झाले. कोटबिट घातलेला माणूस. "आमी पोरगी पाहाले आलो," ते म्हणाले, "जोडे दाखवाले नाई." माझ्या वडिलांनी डोक्याला हात लावला. मी खिडकीच्या फटीतून पाहत होते आणि माझं आता काही जमत नाही अशी माझी खात्री झाली होती. तेवढ्यात मागून मुलगा पुढे आला, त्यानं खांब धरला, पाय मागे दुमडला आणि विचारलं, "काऊन पाहून राह्यले, काका?" साहेबांनी चिमटा चालवता चालवता त्याला काकूंच्या पायांची सगळी कथा सांगितली. ती ऐकून त्यानं आपल्या वडिलांना म्हटलं, "बाबा, दाखवा नं पाय. बाई अनवाणी चालतात थ्या." आणि कोटवाल्या माणसानं पाय दाखवला. मी पोह्याची बशी घेऊन बाहेर जायच्या आधीच होकार ठरवून टाकला होता. त्याचं मला आजतागायत वाईट वाटलेलं नाही. हे मी लिहितेय आणि तो पलीकडे वर्तमानपत्रावर डोकं ठेवून झोपलाय.

आता रेतीची गोष्ट. ती माझ्या लग्नाच्या आधीची. साहेबांच्या एका चुकीची म्हणून ती त्यांना फार लागली होती.

आर्वीची जमीन काळी. पावसाळ्यात चिखल आणि चिखलात गोखरू, असं समीकरण साहेबांच्या डोक्यात बसलं. त्यांच्या मनानं घेतलं की आंगणावर जाड थर रेतीचा टाकला तर खालचं बी वर येणार नाही आणि काकूंना चालायला मऊ होईल. "आंगणालेच चप्पल घालून टाकतो," असं ते आनंदानं सगळ्यांना सांगत होते. उन्हाळ्यात त्यांनी नदीकाठची रेती बैलगाड्यांनी आणून टाकली. गाडीवानाच्या चपला पाहिल्या, बैलांचे खूर पाहिले. रेतीकडे पाहायचं त्यांना सुचलं नाही. आंगण इतकं सुंदर दिसायला लागलं की काकू संध्याकाळी नुसत्याच तिथं फेऱ्या मारत होत्या.

पाऊस आला आणि आठवडाभरात सगळं आंगण हिरवं झालं. नदीकाठची ती रेतीच गोखरूच्या बियांनी भरलेली होती. त्याला रेती काळ्या मातीहून जास्त मानवते हे साहेबांना तेव्हा कळलं. विहीर, तुळस, न्हाणी, सगळीकडे पिवळी फुलं. साहेब सकाळपासून अंधार पडेपर्यंत खुरपं घेऊन बसायचे. मी शाळेतून आले की मीही पदर खोचून बसायची. मुळासकट उपटायचं, पोत्यात भरायचं, पोतं चुलीत. ओलं पोतं दगड ठेवून रेतीवरून ओढलं की सुटे काटे त्याला चिकटतात, हे साहेबांनीच शोधून काढलं होतं, तेही सुरू होतं. एवढं करूनही जे व्हायचं ते झालं.

काकूंच्या अंगठ्याखाली काटा गेला आणि आतच मोडला. त्या त्यावर चालत राहिल्या. पायाला सूज आली तेव्हा तो दिसला, आणि तोवर तिथं पू झाला होता. साहेब त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी काटा काढला, जखम धुतली आणि काकूंच्या समोरच सांगितलं, बघू, भरली तर भरली, नाही तर पाय वाचवता येईल असं मी म्हणत नाही.

घरी आल्यावर साहेब दारातच बसले. रेतीकडे पाहत राहिले. मी काही बोलायला गेले तर म्हणाले, "मीच आणली, मास्तरीणबाई. गाडीभर काटे मीच आणून टाकले तिच्या पायाखाली." काकू आतून ओरडल्या, "आता तठी बसून काय भजन करून राह्यले का? मले पाणी द्या प्यायले!" साहेब उठले. मला वाटतं त्या हाकेनंच त्यांना उठवलं, नाही तर ते तिथंच बसून राहिले असते.

ती सगळी रेती त्यांनी टोपल्यांनी भरून बाहेर काढली. काकूंना खाटेवरून उतरू दिलं नाही. स्वयंपाक मी करायची आणि काकू खाटेवरून मला शिव्या घालायच्या, कारण माझी भाकरी त्यांच्या मते भाकरी नव्हती. जखम भरायला दिवाळी उलटली. पण भरली. अंगठ्याखाली एक खूण राहिली, एवढंच.

त्यानंतर दररोज संध्याकाळी पाय तपासायचे असं ठरलं, आणि तिथं मोठंच भांडण उभं राहिलं. साहेब म्हणत, मी पाहतो. काकूंना ते जमेना. नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा म्हणजे काय! स्वतः वाकून तळवा पाहणं त्यांना जमत नव्हतं, अंग जड होतं. मला पाहू द्यायला त्या तयार होत्या, पण मी सुट्टीत सेलूला गेले की काय करायचं?

"लोकं काय म्हणतीन?" काकू पाय साडीत ओढून घेत म्हणाल्या. "नवरा बायकोचे पाय धरते म्हणतीन. मले पाप लागन ते येगळंच."

"मी पाय धरून नाई राह्यलो," साहेब म्हणाले. "चेकिंग करून राह्यलो. डेपोत गाडी आली की चाकं पाह्यत होतो का नाई? तवा मले कोनी म्हटलं का, चाकाच्या पाया पडते म्हणून?"

"मी गाडी होय का?"

"होय नं. चाळीस साल जुनी. म्हणून तं पाहा लागते."

काकू हसल्या आणि तिथं हरल्या. साहेब ओसरीवर बसत, मांडीवर जुना टॉवेल पसरत, त्यावर काकूंचा पाय घेत आणि बॅटरीच्या उजेडात तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या नीट पाहत. मग दुसरा पाय. मग खोबरेल तेलाचा हात. रस्त्यावरून जाणारे थबकत. काही बाया हसत, काहींना ते आवडत नसे आणि त्या तसं बोलूनही दाखवत. पहिले काही दिवस काकू चेहऱ्यावर पदर ओढून बसत. मग पदर ओढणं सुटलं. पुढे पुढे तर त्या पाय देऊन निवांत तांदूळ निवडत बसायच्या आणि साहेबांना मधेच सांगायच्या, "डाव्याले अजून तेल लावा, उजव्याले जास्त झालं."

गोखरू मात्र अजून होताच, रेती गेली तरी बी राहिलं होतं. आणि यापुढचं सगळं काकूंमुळे झालं.

एका पावसाळ्यात साहेबांना न्हाणीच्या भिंतीमागे, कोंबड्या झाकायच्या रिकाम्या डालीखाली लपवलेला गोखरू सापडला. एक नव्हे, चांगला पसरलेला ताटवा. कुणी तरी जपून ठेवलेला. साहेबांनी डाल उचलून आंगणाच्या मधोमध आपटली. काकूंनी काही लपवलं नाही.

"भाजीले ठेवला," त्या म्हणाल्या. "माही माय करत होती गोखरूची भाजी. कवळी पानं, लसूण, थोडी डाळ. लघवीलेही चांगली. तुमी तं सगळाच उपटून जाळून टाकता, मंग म्या खावाव काय?"

"मी अठी तुह्या पायासाठी जीव देऊन राह्यलो," साहेब ओरडले, "अन तू त्याले डालीखाली पोसून राह्यली!"

दोन दिवस अबोला होता. साहेब "सर्व मार्ग मोकळे" असं भिंतीकडे पाहून सांगायचे. तिसऱ्या दिवशी काकूंनी काही न बोलता त्यांच्या ताटात ती भाजी वाढली. साहेबांनी एक घास खाल्ला, तोंड वाकडं केलं, ताटाकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ही फूल यायच्या आधीचीच लागते का?"

"हो. फूल आलं की निबर होते. मंग कोन खाते?"

साहेब हात न धुताच उठले. त्यांच्या डोक्यात काय आलं ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. ते फाटकात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना सांगत होते, "बाई, गल्लीत लय कवळी भाजी निंगाली. आमच्या घरून शिकून जाजो." गल्लीत पिकत असलेल्या गोखरूमुळेच आंगणात दरवर्षी नवं बी येत होतं आणि गल्ली काही एकट्या माणसाच्या खुरप्यानं साफ होणारी नव्हती. काकूंनी ओसरीवर कढई मांडली. काही बाया नुसती गंमत पाहायला आल्या, खाऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी टोपल्या घेऊन आल्या. कुणी तुरीची डाळ घालून केली, कुणी ज्वारीचं पीठ पेरून. त्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत गोखरूला फूल म्हणून येऊ दिलं नाही कुणी. पुढच्या पावसाळ्यात बाया भाजी शोधत पलीकडच्या गल्लीत जायला लागल्या.

साहेबांना ती भाजी शेवटपर्यंत आवडली नाही. पण पावसाळाभर ते ती रोज खायचे. मी एकदा विचारलं, नको असेल तर कशाला खाता? तर म्हणाले, "पोटात गेलं ते पायात जात नाई." एवढं बोलून त्यांनी आणखी वाढून घेतली.

लग्नानंतर मी मागच्याच आळीत राहायला गेले. नवऱ्याला आर्वीतच बाजार समितीत काम मिळालं होतं. त्यामुळे येणं-जाणं होतंच. पुढची वर्षं फार चांगली गेली त्या दोघांची. आंगणात पहाटेचं "ओय" कमी कमी होत गेलं. पाऊस संपल्यावरही काकू सगळीकडे अनवाणी हिंडायच्या, विहिरीवरून घागर आणायच्या, गाईशी बोलत सांदवाडीत उभ्या राहायच्या. साहेब थकले होते, पण पहाटेचा फेरा चुकला नाही. मी एकदा म्हटलं, आता तर एकही सापडत नाही, मग कशाला? ते म्हणाले, "गाडी रिकामी असली म्हणून सोडत नाई का?"

काकू गेल्या त्या एका थंडीतल्या सकाळी, हृदयविकारानं, फार त्रास न होता. चुलीवर चहाचं आधण होतं आणि त्या तिथंच भिंतीला टेकून बसल्या त्या बसल्याच. माझ्या घरी निरोप आला तेव्हा मी शाळेत निघाले होते. तशीच धावत गेले. त्यांचा नागपूरला राहणारा मुलगा दुपारपर्यंत पोचला. बायांनी त्यांना आंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं. सवाष्णीच्या पायांना हळद-कुंकू लावायचं होतं. मुलगी नव्हती त्यांना. एका म्हाताऱ्या बाईंनी ती ताटली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तूच लाव पोरी. तुह्याच हातचं खाटेवर खाल्लं तिनं."

मी काकूंचे पाय मांडीवर घेऊन लावायला बसले. रडू आवरत नव्हतं. साहेब खांबाशी उभे होते, सकाळपासून तसेच. ते रडले नाहीत म्हणून बायांमध्ये कुजबुज सुरू झाली होती. तेवढ्यात ते डॉक्टर आले. आता तेही पिकले होते. साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "फार वाईट झालं, साहेब."

साहेबांनी त्यांचा हात धरला आणि त्यांना माझ्यापर्यंत घेऊन आले.

"तुमी म्हणले होते, पाय जाईन म्हणून," ते म्हणाले. "पाहा बरं."

डॉक्टर खाली बसले. चष्मा सावरून त्यांनी काकूंचा एक पाय पाहिला, मग दुसरा. अंगठ्याखालची ती जुनी खूण त्यांनी ओळखली असावी, तिच्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"दोन्ही शाबूत आहेत, साहेब," ते म्हणाले.

तेव्हा कुठे साहेब मोठ्यानं रडले.